पहिली वेलांटी का दुसरी? लहान मुलांना ऱ्हस्व-दीर्घ कसं शिकवावं

पहिलीतलं पोर पाटीवरून मान वर करून विचारतं, "मॅडम, पहिली वेलांटी देऊ का दुसरी?" आपण घाईत असतो, शेजारी चौथीचा गलका चाललेला असतो. आपण सांगून टाकतो, "दुसरी." पोर दुसरी देतं, त्या शब्दापुरतं भागतं, आणि पुढच्या शब्दाला तेच पोर तोच प्रश्न घेऊन परत उभं. माझं पहिलं सांगणं हे की वेलांटी कधीच सांगू नका. "शब्द म्हणून दाखव" म्हणा आणि ते म्हणेपर्यंत थांबा. उत्तर पोराच्या तोंडातच असतं, ते त्याच्या कानाला ऐकू येईल एवढंच काम आपलं.

मी बीड जिल्ह्यात धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरी घेते. आमच्या भागातली बरीच घरं दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन साखर कारखान्यावर ऊस तोडायला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. काही पोरं आजी-आजोबांपाशी मागं राहतात, काही बरोबर जातात. त्यामुळं जूनपासून दिवाळीपर्यंतचा काळ मला सोन्यासारखा जपून वापरावा लागतो. पुढं सांगतेय ती पद्धत अशा वर्गासाठी बसवलेली आहे. तिला छापील साहित्य लागत नाही, आणि घरी एकाच लेकराला शिकवणाऱ्या आईलाही ती जमेल.

आधी पाटी बाजूला

सुरुवातीचे काही आठवडे लिहायचं अजिबात नाही. परिपाठ झाला की दहा मिनिटं फक्त ऐकायचं. प्रत्येकापुढं दोन वस्तू ठेवायच्या, एक चिंचोका आणि एक ज्वारीच्या धाटाचं बोटभर लांब कांडं. आखूड ऐकू आलं की चिंचोका उचलायचा, लांब ऐकू आलं की कांडं. डोळे मिटून उचलायचं, म्हणजे शेजाऱ्याकडं बघून उचलणं आपोआप बंद होतं.

सुरुवात अ आणि आ यांनीच करा. फळ–फाळ, गर–गार, दर–दार, बळ–बाळ, नळ–नाळ, जळ–जाळ, मळ–माळ. शब्द मुलांच्या ओळखीचे हवेत. आमच्याकडं नांगराचा फाळ पोरांनी हातात धरलेला असतो आणि चिंचेचा गर तर रोजचाच, म्हणून माझ्या यादीत ते पहिले. तुमच्या वर्गात फाळ कुणी पाहिला नसेल तर तो शब्द काढून टाका. अर्थ माहीत नसलेल्या शब्दाचा आवाज मूल नीट ऐकत नाही, ते तुमच्या चेहऱ्याकडं बघत बसतं.

अ-आ आधी घेण्याला कारण आहे. या दोन स्वरांत फक्त वेळेचा फरक नाही, तोंडही वेगळं उघडतं. मुलांना हनुवटीखाली तळहात लावायला सांगा. 'फळ' म्हणताना हनुवटी जेमतेम हलते, 'फाळ' म्हणताना ती हात खाली ढकलते. कान कच्चा असला तरी हाताला कळतं, आणि "मला ओळखता येतं" हा धीर पोराला पहिल्याच दिवशी येतो. इ-ई आणि उ-ऊ म्हणताना तोंडाचा आकार जवळपास तोच राहतो, बदलतो तो वेळ. म्हणून ते अवघड, आणि म्हणूनच मागाहून.

या टप्प्यावर फक्त पहिल्या अक्षराबद्दल विचारा. 'मळ' लिहिताना दोन अक्षरं दिसतात, पण बोलताना शेवटचा अ गळतो आणि तोंडातून एकच ठोका बाहेर पडतो. मुलांना अजून अक्षरं येत नसतात, ती ठोके मोजतात, आणि त्यांचं मोजणं बरोबर असतं. अ-आ पक्के झाले की दोन ठोक्यांचे शब्द घ्या. 'मळा'ला चिंचोका आणि कांडं, 'माळा'ला दोन्ही कांडीच. पोरं मांडायला लागली की वर्ग कसा शांत होतो ते बघा.

एक पथ्य मात्र कडक पाळा. शब्द ओढून म्हणायचा नाही. "फाऽऽऽळ" म्हटलं की मुलं शब्द ऐकायचं सोडून आपला सूर ऐकतात. घरात, रानात जसं बोलतो तसंच म्हणा. हे पथ्य मोडलं की पुढचं सगळं काम वाया जातं, कारण परीक्षेत ओढून सांगणारं कुणी नसतं.

पाखरांचा धडा

स्वर मोजायची आपली परंपरा फार जुनी आहे. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, आणि लांबून हाक मारताना ओढतो त्या प्लुताच्या तीन. 'पाणिनीय शिक्षा' या उच्चारावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात या मात्रांना प्राण्यांचे आवाज लावून दिलेत. चाष पक्षी एक मात्रा बोलतो, कावळा दोन, मोर तीन, आणि मुंगूस अर्धी. पाणिनीनं 'अष्टाध्यायी' या आपल्या व्याकरणात ऱ्हस्व-दीर्घ-प्लुत सांगताना नेमका उ हा स्वर घेतला, त्याचा संबंध परंपरेनं कोंबड्याच्या आरवण्याशी जोडलाय. व्याकरण शिकवणाऱ्या माणसांनी एवढ्या आधी पाखरांचे आवाज कान देऊन ऐकले होते, याचं मला फार अप्रूप वाटतं, आणि ते मी वर्गात लपवत नाही.

आमच्या पोरांना ही चारही ओळखीची. चाष म्हणजे दसऱ्याला दिसला तर शुभ मानतात तो निळ्या पंखांचा पक्षी, आमच्याकडं तारेवर बसलेला असतो. मोर तर बीड जिल्ह्याचेच, पाटोदा तालुक्यातल्या नायगावला मोरांचं अभयारण्य आहे. पोरांना अंगणात सोडा, चार गट करा, प्रत्येक गटानं आपापला आवाज काढायचा. कोंबडा सगळ्यांचा मिळून: कु, कू, कूऽऽ. तीन लांब्या एकाच घशातून निघतात. हा धडा एकदाच घ्यायचा आणि मजेत घ्यायचा. त्यातून एवढंच रुजायला हवं की आवाजाला लांबी असते आणि ती मोजता येते.

पोरांसमोर 'मात्रा' हा शब्द मात्र वापरू नका. त्यांच्यासाठी मात्रा म्हणजे 'के'च्या डोक्यावरची तिरपी रेघ. मी 'आखूड' आणि 'लांब' एवढंच म्हणते.

इ-ई, उ-ऊ: एकाच शब्दाची दोन रूपं

आता मुख्य गोष्ट. बहुतेक ठिकाणी फळ्यावर दिन–दीन, सुत–सूत, शिर–शीर, सुर–सूर अशा जोड्या मांडतात आणि मुलांना फरक ऐकायला सांगतात. पहिली-दुसरीत या जोड्या घेऊच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्यानं म्हणून बघा. रोजच्या मराठी बोलण्यात 'दिन' आणि 'दीन' सारखेच येतात, दोन्हींतली इ लांबते. ठोका शेवटचा असला आणि त्यातल्या स्वरानंतर व्यंजन आलं की मराठी जीभ इ-उ लांबवतेच. 'गुण', 'विष' हे शब्द लिहिताना ऱ्हस्व, पण बोलताना आपण तेही लांबच म्हणतो. मग पोरानं ऐकायचं काय? ते प्रामाणिकपणे "सारखंच आहे" म्हणतं, आपण "नीट ऐक" म्हणतो, आणि पोराचा स्वतःच्या कानावरचा विश्वास उडतो. तो उडाला की ते आयुष्यभर दुसऱ्याला विचारत राहतं.

मराठीत इ-उ लांबतात का आखडतात हे बरंचसं शब्दातल्या जागेवर ठरतं. म्हणून जोडी दोन वेगळ्या शब्दांची करू नका, एकाच शब्दाच्या दोन रूपांची करा. फूल–फुलं. मूल–मुलं. ऊस–उसाला. इथं फरक खराच ऐकू येतो, आणि तो मुलांच्या तोंडात शाळेत यायच्या आधीपासून बसलेला असतो. 'फूलं' असं लांबवून कुठलंच मराठी लेकरू बोलत नाही.

दुसरीतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि ती आईबापाबरोबर गावी परतली. पाटीवर तिनं 'उस' लिहिलं. मी चूक दाखवली नाही, विचारलं, "आई-पप्पा तिकडं काय करायले होते?"

"ऊस तोडायले होते."

"परत म्हण. आणि म्हणताना हात लावून बघ." आमची खूण अशी: लांब वाटलं तर उजवा हात डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत फिरवायचा, आखूड वाटलं तर चुटकी. तिनं 'ऊस' म्हटलं, हात सावकाश कोपरापर्यंत गेला.

"आता 'उसाचा फड' म्हण." हात उचलेपर्यंत 'उ' संपून गेला होता. ती थांबली, दोन्ही पुन्हा म्हटली, मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मॅडम, ऊस बसून म्हणावा लागतो, उसाचा पळत."

पाटीवरचं 'उस' तिनं स्वतःच पुसलं. तेव्हापासून आमच्या वर्गात ऱ्हस्व-दीर्घ कुणी म्हणत नाही. "बसलं का पळालं?" असंच एकमेकांना विचारतात.

जोड्या मुलांच्या घरातूनच काढा. चुलीपाशी दूध–दुधात, तूप–तुपात, मीठ–मिठाचा, पीठ–पिठाची आणि खुद्द चूल–चुलीवर. रानात तूर–तुरीची, मूग–मुगाची, पीक–पिकाला, विहीर–विहिरीत. घरात बहीण–बहिणीला, जीभ–जिभेवर, भूक–भुकेनं, वीट–विटा. संक्रांतीला तीळ–तिळाचा. मी पहिला शब्द म्हणते, मुलं त्याला शेपूट जोडून वाक्य करतात: "दूध." "दुधात साय आहे." वाक्य झालं की दोन्ही रूपं हातानं दाखवायची. 'विहीर' घेताना 'वि'कडं लक्ष वेधा. तो दोन्हीकडं पळतो, बसायचा-उठायचा तो 'ही'.

मधूनच कुणी 'पाऊस' आणतं, कुणी 'कापूस'. पाऊस–पावसात, कापूस–कापसाला. इथं उकार आखडत नाही, नाहीसाच होतो. अडवू नका. पोरांना ते फार आवडतं, 'लाकूड–लाकडाला', 'बेडूक–बेडकाला' अशी ती स्वतः शोधून आणतात.

अक्षर लिहायचं ते यानंतर. तोंड बसलं की दुसरी वेलांटी, दुसरा उकार. पळालं की पहिला. बाराखडी घोकताना 'कि की, कु कू' म्हणतात तेव्हाही हात फिरवायचा आणि चुटकी वाजवायची. नाहीतर बाराखडीत कि आणि की एकाच चालीत निघून जातात.

शेवटचं अक्षर

मराठी शब्दाच्या शेवटी इ किंवा उ आला की तो लिहिताना दीर्घ. पाणी, भाजी, आजी, विळी, पिशवी, लाडू, गहू, झाडू, काकू. हे कानावर सोडू नका, सरळ सांगून टाका, कारण शेवटचा स्वर घाईच्या बोलण्यात आखडतो आणि पोरं गोंधळतात. नियम छोटा आहे, पटकन पाठ होतो. अपवाद एकच शिकवा: आणि. तो रोज लागतो. मी तो दारावर मोठ्या अक्षरांत लावून ठेवते आणि चित्रासारखा ओळखायला लावते. परंतु, तथापि वगैरे दुसरीच्या पोराला लागत नाहीत.

शेवटचं अक्षर दीर्घ असलं की त्याच्या आधीचे इ-उ मराठी शब्दांत ऱ्हस्व राहतात. विळी, चिमणी, किडा, महिना, सुपारी. यासाठी उत्तम शब्द म्हणजे हुतुतू. चिंचोका, चिंचोका, कांडं. पोरं तो खेळत खेळत म्हणतात, आणि कुणीही 'हूतूतू' म्हणत नाही.

रोज फळ्यावर वार लिहितो त्यातून 'गुरुवार'ही येतो. 'गुरू' एकटा असला तर 'रू' शेवटी, म्हणून लांब. 'वार' जोडला की तो शेवटी राहिला नाही, म्हणून आखूड. मुलांनी विचारलं तरच सांगा.

अनुस्वार असला की त्या अक्षराचे इ-उ मराठी शब्दांत ऱ्हस्व: चिंच, भिंत, लिंबू, मुंगी, उंट. हे जास्त घोळवू नका, मूल आपोआप तसंच लिहितं. 'मुंगूस' मात्र जरूर घ्या. मुं पळतो, गू बसतो, आणि पाखरांच्या धड्यातला जुना गडी पुन्हा भेटतो.

एसटीच्या पाट्या

लिहायला लागल्यावर सरावासाठी मला सगळ्यात उपयोगी पडल्या त्या एसटीच्या पाट्या. आपल्या मराठवाड्यातली गावं जणू या धड्यासाठीच नावं घेऊन बसलीत. बीड, भूम, लातूर, धारूर, जिंतूर, माहूर, देगलूर, उदगीर, तुळजापूर: सगळ्यांत शेवटचा ठोका बसतो, सगळ्यांना दुसरी वेलांटी नाहीतर दुसरा उकार. निलंगा, हिंगोली, बिलोली, किनवट, मुखेड: पहिलं अक्षर पळतं. परळी, आष्टी, सेलू: शेवटी दीर्घ, पाठ केलेला नियम. 'जिंतूर' आणि 'बिलोली' यांत तर दोन्ही प्रकार एकाच पाटीवर.

खोक्याच्या पुठ्ठ्यांवर मुलांकडून पाट्या लिहून घ्या. एक पोर कंडक्टर, बाकीचे प्रवासी. कंडक्टर पाटी न दाखवता ओरडतो, "चला, लातूर, लातूर!" प्रवाशानं कुठलं अक्षर बसलं ते सांगायचं, मगच तिकीट. चिंचोके तिकिटाचे पैसे होतात. माझ्या वर्गात माहूर आणि तुळजापूरला नेहमी गर्दी, कारण घरची माणसं तिथं देवीला जाऊन आलेली असतात.

गिरणीवरही एकदा न्या. "पिठाची गिरणी" ही पाटी बहुतेक ठिकाणी बरोबर लिहिलेली असते, आणि 'पीठ' शब्द आत डब्याडब्यात भरलेला. दुधाच्या दुकानांवर 'दुध' असं ऱ्हस्व रंगवलेलं दिसेल. मुलांना ते स्वतः सापडू द्या, पण दुकानदारासमोर हसू देऊ नका. रंगवणाऱ्यानं कष्ट करून लिहिलंय.

श्रुतलेखन आणि लाल पेन

श्रुतलेखनात सुटा शब्द कधीच सांगू नका. आधी वाक्य, मग शब्द, मग पुन्हा वाक्य. "विहिरीत पाणी आहे. विहिरीत. विहिरीत पाणी आहे." त्यानंतर सगळ्यांनी शब्द स्वतः हलक्या आवाजात म्हणायचा आणि मगच हात पाटीवर ठेवायचा. वर्ग पुटपुटतो, बाहेरून बघणाऱ्याला बेशिस्त वाटते. खुशाल वाटू द्या. या पुटपुटण्यातच शिकणं होतं. साहेब तपासणीला आले तरी मी ते थांबवत नाही.

तपासताना वेलांटीवर लाल फुली मारू नका. त्या अक्षराखाली एक टिंब द्या. टिंबाचा अर्थ एवढाच की "हे परत म्हणून बघ." मूल स्वतः दुरुस्त करतं. एका वेळी एकाच प्रकारची चूक टिंबात धरा. आज 'मुल' आणि 'फुल' ऱ्हस्व लिहिलेले शोधायचे तर 'पानी'कडं आज बघायचं नाही.

'पानी'वरून आठवलं. आमची पोरं 'पानी', 'कुटं', 'न्हाई' म्हणतात. ती त्यांच्या घरची बोली आहे आणि तिला हात लावायचं काम ऱ्हस्व-दीर्घाच्या तासाला नाही. न-ण हा वेगळा धडा, वेगळ्या दिवशी. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत तर बोली आपल्या बाजूची आहे. 'उसाला', 'तुपात', 'चुलीवर' हे सगळं ती बिनचूक आखडून बोलते. ज्या पोराला आपण "तुझं बोलणं अशुद्ध" म्हणून गप्प करतो, ते पुढं कशाच्या आधारावर लिहिणार?

घरात दुसरी भाषा असलेल्या मुलांचा विचार वेगळा करा. दखनी बोलणाऱ्या घरातलं पोर इ-ई जास्त चांगलं ओळखतं, कारण त्याच्या भाषेत दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे धर्म, सुना म्हणजे ऐकलं आणि सूना म्हणजे ओसाड. देगलूर-बिलोलीकडं घरात तेलुगु असलेली मुलंही तशीच, तेलुगूत स्वराच्या लांबीनं अर्थ बदलतो. अशा पोराला वर्गाचा कान करा, जोडीचा निवाडा त्याला द्यायला सांगा. तांड्यावरून येणाऱ्या, गोरमाटी म्हणजे बंजारा बोली बोलणाऱ्या लेकरांना मात्र आधी शब्दच नवा असतो. त्यांना वस्तू हातात द्या, चार दिवस ती त्या नावानं मागू द्या, मग जोडी करा.

पालक विचारतात, इंग्रजीचं काय? तिथं 'लाँग' आणि 'शॉर्ट' व्हॉवेल म्हणतात ते आपल्यासारखं निव्वळ वेळेचं माप नाही. 'केप' आणि 'कॅप' यांत स्वरच बदलतो. म्हणून इंग्रजीच्या तासाला चिंचोका-कांडं काढू नका. आवाज लक्ष देऊन ऐकायची सवय मात्र तिथंही उपयोगी पडते.

काय पुढं ढकलायचं

मंदिर, गुण, विष, मधुर, कुसुम हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बोलल्यासारखे लिहीत नाहीत. उलट 'शरीर', 'परीक्षा' यांना शेपूट लागलं तरी दीर्घ तसाच राहतो: शरीरात, परीक्षेला. हे तिसरी-चौथीचं काम. दुसरीतल्या मुलानं 'मंदीर' लिहिलं तर ते ऐकून लिहितंय, याचा आनंद माना आणि बरोबर रूप शेजारी लिहून द्या, चर्चा नको. शिक्षकाला मात्र नियम माहीत हवेत. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांपैकी १४ नियम शासनानं १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये आणखी ४ आले. ते १८ नियम एका बैठकीत वाचून होतात. एकदा वाचले की कुठला शब्द कानावर सोडायचा आणि कुठला सांगून टाकायचा हे आपल्यालाच लख्ख कळतं.

दिवाळीनंतर

आमची काही पोरं निघतात तेव्हा मी पुस्तकाबरोबर चिंचोके आणि कांड्यांची एक पुरचुंडी देते. कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, संध्याकाळी दिवा असेलच असं नाही, म्हणून अंधारात करता येईल असं सांगते: थोरल्या भावंडानं शब्द म्हणायचा, धाकट्यानं शेपूट जोडायचं आणि बसलं का पळालं ते ओळखायचं. गावात राहिलेल्यांच्या आज्यांना शाळेत बोलावून घेते. त्या म्हणतात, "मॅडम, आमाला लिहाया कुटं येतंय." पण यात लिहायचं काहीच नाही. ज्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात तिला तर स्वर कुठं लांबवायचा हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. तिनं चुलीपाशी बसून "दूध" म्हणावं आणि नातवाकडून "दुधात" ऐकून घ्यावं, एवढं पुरे.

जमलं का, कसं ओळखायचं

ओळखीच्या शब्दांवर परीक्षा घेऊ नका, ते पाठ झालेले असतात. खोटे शब्द करा. मी एक काल्पनिक भांडं सांगते, त्याचं नाव 'झूप'. "हे झूप. झुपात पाणी आहे. झुपाला झाकण आहे." मग कीटक करते, 'गीम'. "एक गीम आला. गिमाचे पाय पाहिले का?" मुलांनी वाक्यं लिहायची. ज्यानं 'झूप' आणि 'झुपात', 'गीम' आणि 'गिमाचे' लिहिलं त्याचा कान तयार झाला, त्याला मंदिर-गुणाकडं न्यायला हरकत नाही. ज्यानं दोन्हीकडं एकच उकार दिला त्याला शब्द मोठ्यानं म्हणायला लावा. म्हणताना फरक करत असेल तर अडचण फक्त अक्षराची आहे, आठवडाभर पाट्यांचा खेळ द्या. म्हणतानाही फरक होत नसेल तर फळ–फाळपासून पुन्हा सुरुवात करा, आणि या वेळी त्याच्या शेजारी बसा. कधी कधी लेकराला ऐकूच कमी येत असतं. कान वाहतो का, पाठीमागून हाक मारली तर वळतं का, ते बघा आणि शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं की त्याला पहिलं पुढं करा. तपासणी लांब असेल तर पालकांना गाठून सरकारी दवाखान्यात कान दाखवायला सांगा.